मँटलवर गार्लंड लावायचंय, पण फायरप्लेस रोज पेटते

निळीशाई

नाताळ तोंडावर आला. यंदा फायरप्लेसच्या मँटलवर (वरच्या आडव्या कट्ट्यावर) गार्लंड (हिरव्या पानांची जाड माळ) लावायचं, असं घरात सर्वानुमते ठरलंय. ते लावणार कोण, हेही (मला न विचारता) ठरलंय.

परिस्थिती अशी: मँटल दगडी, साडेपाच फूट लांब, पुढून मागे जेमतेम सात इंच. घर भाड्याचं, त्यामुळे ड्रिल, खिळे, स्क्रू यातलं काहीच चालणार नाही. फायरप्लेस गॅसवरची, समोर काच. ती शोभेची नाही, थंडीत रोज संध्याकाळी चालू असते. वर भिंतीवर टीव्ही. शिवाय घरात एक मांजर आहे आणि लोंबणारी प्रत्येक वस्तू आपल्यासाठीच टांगलीय असा तिचा ठाम समज आहे.

नेटवर फोटो ढिगाने आहेत. त्यांत गार्लंड जणू दगडातूनच उगवलेलं असतं. ते अडकवलंय कशाला, लाइटची वायर गेली कुठे, काही कळत नाही. आणि नीट बघितलं तर बहुतेक फोटोंत फायरप्लेस विझलेलीच असते!

तर जाणकारांनो, खरी पानं घ्यावीत की खोटी? किती लांब? आणि मुख्य म्हणजे ते सगळं खाली येऊ नये म्हणून काय करायचं?

मनमोर

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे हीच स्थिती, फक्त मांजराच्या जागी नुकतं चालायला लागलेलं पोर.

सुतारपक्षी

लांबी आधी, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. टेप घेऊन बसू नका. सुतळी घ्या, मँटलवर जशी हवी तशी टाका, दोन्ही बाजूंना हवी तेवढी खाली सोडा, मध्ये झोळ हवा असेल तर तोही द्या. मग ती सुतळी जमिनीवर सरळ करून मोजा. तुमच्या साडेपाच फुटाला दोन्हीकडे अडीच-अडीच फूट सोडलं तर साडेदहा फूट झाले, आणि झोळ दिला की आणखी फूटभर. दुकानात तयार गार्लंड बहुधा नऊ फुटी मिळतं. म्हणजे दोन घ्यावी लागतील आणि मधे एकमेकांवर चढवावी लागतील. त्याने मधला भाग भरगच्च दिसतो, हा फायदाच.

आता टांगणं. बहुतेक लोक इथे सजावटीचा विचार करतात, वजनाचा करत नाहीत. मँटलवर आडवं पडलेलं गार्लंड काही करत नाही. जे दोन शेपटे बाजूंना लोंबतात ते सगळ्याला पुढे आणि खाली ओढत असतात. त्यात तुम्ही गोळे, घंटा, पाइनकोन (पाइनची शंकूसारखी फळं) अडकवता तेही बरोबर शेपटांवरच. म्हणून टोकं धरली पाहिजेत, मधला भाग आपोआप बसतो.

भाड्याच्या घराला माझा एकच तोडगा: फळकूट. मँटलपेक्षा तीन-चार इंच आखूड, साधारण साडेतीन इंच रुंद, पाऊण इंच जाड अशी लाकडी पट्टी कापून आणायची. खालून फेल्ट (नमद्याचं जाड कापड) चिकटवायचं म्हणजे दगडावर ओरखडा नाही आणि घसरणंही कमी. वरून गडद हिरवा किंवा तपकिरी रंग. दोन्ही टोकांना आणि मधे दोन ठिकाणी हूकसारख्या आकड्यांचे स्क्रू पिळायचे. भोकं पडली ती फळकुटाला, घरमालकाच्या दगडाला नाही. फळकूट भिंतीला टेकवून ठेवायचं, गार्लंडची मधली तार आकड्यांना बारीक तारेने पिळून बांधायची आणि दोन्ही टोकांवर जड काहीतरी ठेवायचं. पितळी मेणबत्तीदाण्या, दगडी कुंडी, काहीही, पण खरंच जड. पानं पसरली की फळकूट दिसतसुद्धा नाही.

हिरवाचाफा

फळकुटाला माझं मत! पण एवढा खटाटोप न करता चिकटवायचे हूक चालतील की. कमांड ब्रँडचे वगैरे. काढताना डागही राहत नाही.

सुतारपक्षी

गुळगुळीत रंगवलेल्या लाकडावर उत्तम चालतात. स्पिरिटने जागा पुसायची, तीस सेकंद दाबून धरायचं, तासभर थांबून मगच वजन द्यायचं. पण खडबडीत दगडावर नि विटेवर ते धरत नाहीत, कारण चिकटपट्टी फक्त उंचवट्यांना टेकते. विटेसाठी स्प्रिंगच्या चिमट्यासारखे ब्रिक क्लिप मिळतात, ते विटेच्या वरच्या-खालच्या कडांना पकडतात. सांध्यातला चुना विटेपेक्षा आत गेलेला असला तरच हं. सपाट भरलेल्या सांध्याला क्लिपला पकडायला कडच नसते. दगडी मँटलला दोन्ही बाद.

दिवेलागण

थांबा थांबा. हूक की फळकूट हे नंतर. "रोज संध्याकाळी चालू असते" हे वाक्य सगळ्यांच्या नजरेतून निसटलंय का?

निळीशाई, आधी एक काम करा. घरात साधा थर्मामीटर असेल तर (ताप मोजायचा नव्हे, खोलीचा) तो मँटलच्या पुढच्या कडेवर ठेवा, फायरप्लेस नेहमीसारखी तासभर चालू द्या आणि आकडा बघा. मग तोच मागे भिंतीशी ठेवून बघा. आकडे इथे टाका, पुढचं मग बोलू.

कारण सांगते. चिकटवायच्या हुकांना साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच वापरा असं पाकिटावरच लिहिलेलं असतं. ग्लू गनने चिकटवलेली सजावटही उष्णतेने सैल होऊन एकेक करून गळायला लागते. आणि खऱ्या पानांचं तर विचारूच नका. पाइन, फर, सीडर यांत राळ नि तेलं असतात, वास त्यांचाच येतो. ओली असताना ती सहज पेट घेत नाहीत, पण फायरप्लेसच्या वरची कोरडी हवा त्यांना इतर कुठल्याही जागेपेक्षा लवकर वाळवते. वाळलेली फांदी एकदा पेटली की विझवायला वेळ देत नाही.

मोजमापाची एक गोष्ट माहीत असू द्या. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत विटा-दगडाच्या फायरप्लेससाठी असं आहे: तोंडापासून ६ इंचांच्या आत जळण्याजोगं काही नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात जे असेल ते, तोंडापासून जितके इंच दूर त्याच्या एक अष्टमांश इंचांपेक्षा जास्त पुढे आलेलं नको. म्हणजे ८ इंचांवर असलेली वस्तू फार तर १ इंच पुढे येऊ शकते. हा नियम लाकडी चौकटींसाठी आहे, पण फुगवलेलं गार्लंड पाच-सहा इंच पुढे येतं, हे लक्षात घ्या. गॅसच्या युनिटला त्याच्या माहितीपुस्तिकेतली अंतरं लागू होतात, ती बघाच. आणि अग्निशमनवाल्यांचा सरसकट सल्ला याहून कडक असतो: पेटती फायरप्लेस आणि जळण्याजोगी सजावट यांत तीन फूट अंतर. तो पाळायचा तर पेटत्या फायरप्लेसच्या मँटलवर गार्लंड बसतच नाही.

म्हणून माझं सरळ मत: एका वेळी एकच. गार्लंड आहे तोवर आग नाही, किंवा आग आहे तोवर गार्लंड नाही.

मनमोर

इतकं कडक? मग मँटलवर लावायचंच कशाला, जिन्याच्या कठड्याला लावा!

दिवेलागण

कठड्याला फार छान दिसतं, आणि कुणाचं घरही जळत नाही.

हिरवाचाफा

दिवेलागण यांचं म्हणणं मान्य, पण ज्यांची फायरप्लेस बंद असते किंवा नुसती शोभेची आहे त्यांच्यासाठी खऱ्या पानांची बाजू मांडते. प्लॅस्टिकला तो वास नाही म्हणजे नाही.

झाड कुठलं निवडता यावर सगळं आहे. मँटलला सीडर सर्वांत चांगलं, कारण त्याची पानं चपटी नि लवचीक असतात, कडेवरून आपसूक खाली वळतात. फरच्या सुया घरातही बऱ्यापैकी टिकतात, पण फांदी ताठ, त्यामुळे ती लोंबत नाही, बाहेर येते. स्प्रूस टाळा. बाहेर थंडीत ठीक, घरात आणलं की सुयांचा सडा. मॅग्नोलियाची पानं वरून चकचकीत हिरवी नि खालून मखमली तपकिरी. ती वाळली तरी रुबाबदार दिसतात, म्हणून मी सीडरच्या पायावर अधूनमधून तीच खोवते. बॉक्सवूड वाळलं तरी आकार सोडत नाही.

स्वतः विणायचं असेल तर जाड सुतळी किंवा दोर घ्या, सहा-आठ इंचांच्या फांद्यांचे जुडगे करा आणि रिळावरच्या बारीक तारेने एकेक जुडगा बांधत जा. प्रत्येक नव्या जुडग्याने आधीच्याचे देठ झाकले गेले पाहिजेत. तार मधे तोडू नका, एकच सलग फिरू द्या. आणि गोम इथे आहे: एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ विणत गेलात तर सगळी पानं एकाच दिशेला झुकतात आणि मँटलवर ते एका बाजूला घसरल्यासारखं दिसतं. दोन अर्धे वेगवेगळे विणा, दोन्ही टोकांकडून मधल्याकडे, म्हणजे दोन्ही शेपटांवर पानांची टोकं खाली येतील. मधे जिथे देठ समोरासमोर येतात तिथे मोठी बो (रिबिनीची गाठ) किंवा पाइनकोनचा झुबका.

लावायच्या आदल्या रात्री टबात गार पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी बाहेर निथळत टांगा. पूर्ण निथळल्याशिवाय घरात आणू नका, लाकडी मँटलवर पाण्याचे पांढरे डाग पडतात. खाली मेणकागदाची पट्टी घाला, चीक लागत नाही. हाताला लागलेला चीक साबणाने जात नाही, आधी तेल चोळा मग साबण. रोज पाण्याचा फवारा मारायचा तो दिव्यांची माळ बंद करून.

फांदी वाकवून बघत जा. लवली तर ठीक, कट्‌कन मोडली किंवा बोटांनी ओढल्यावर सुया हातात आल्या, तर सणाला दोन दिवस उरले असले तरी काढून टाका.

बोकोबा

मांजरवाल्यांसाठी:

टिनसेल नावाची चकचकीत झिरमिळी घरात आणू नका. अरुंद रिबीन, दोरा, लोकर हेही नको. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे एकदा तोंडात गेलेला धागा तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. तो आतड्यात अडकला की थेट ऑपरेशन. रुंद, तारेच्या कडेची रिबीन बरी, कारण ती वळवळत नाही.

खऱ्या पानांत यू नावाचं सदाहरित झाड नकोच नको, ते माणसालाही विषारी. होली (काटेरी पानांचं झुडूप) नि मिसलटो (झाडांवर वाढणारं बांडगूळ) यांची फळंही नकोत. प्लॅस्टिकचे लाल मणी खऱ्यांपेक्षा लाल दिसतात, पण तेही तारेने पक्के हवेत, लहान मुलांच्या घशात अडकतात (मनमोर, हे तुमच्यासाठी). बारीक दिव्यांच्या माळांना काही वेळा बटणाएवढे सेल असतात. त्या डबीला स्क्रूचं झाकण नसेल तर माळ परत करा. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

आणि शेपटं. जमिनीपासून मांजर जिथे पंजा पोचवू शकते त्याच्या वर थांबवा. मँटलशेजारी खुर्ची, स्टूल, कपाट असेल तर ते आधी हलवा. सात इंची मँटलवर मांजर सहज चालते, तिला अडवणार तुम्ही कोण! तेव्हा फळकुटावर ठेवायच्या वस्तू काचेच्या नकोत.

कडेकपारी

अवांतर: हिवाळ्यात हिरव्या फांद्या घरात आणायची चाल नाताळपेक्षा जुनी. रोमन लोक १७ डिसेंबरला सुरू होणाऱ्या सॅटर्नेलिया या सणात घरं हिरव्या पानांनी सजवायचे. १५९८ सालच्या लंडनच्या एका वर्णनात प्रत्येक घर नि चर्च होली, आयव्ही (एक वेल) आणि बे लॉरेलच्या पानांनी सजवलेलं असल्याची नोंद आहे. तेव्हा कुणी दिवसा गॅस नि संध्याकाळी टीव्ही लावत नसे, त्यामुळे आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग शून्य. चालू द्या.

निळीशाई

सगळ्यांना दंडवत. एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं.

@दिवेलागण, मोजलं. तासभर चालवल्यावर पुढच्या कडेवर ४७ अंश, मागे भिंतीशी ३९. मँटलच्या खालच्या अंगाला, जिथे शेपटं येतील तिथे, हात फार वेळ ठेववत नाही. आकडे बघून घरात वाटाघाटी झाल्या. तह असा: गार्लंड असेपर्यंत फायरप्लेस बंद, हीटर चालवायचा. (हीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, विचारायच्या आधीच सांगते.) तरीही कुणीतरी सवयीने बटण दाबेल ही भीती आहेच, म्हणून खरी पानं रद्द. हिरवाचाफा, माफी असावी.

दिवेलागण

उत्तम. रिमोट असेल तर त्यातले सेल काढून ठेवा. आणि "फ्लेम रिटार्डंट" लिहिलेलं बघून घ्या, पण त्याचा अर्थ "जळत नाही" असा नव्हे, "लवकर पेट घेत नाही" एवढाच. बंदी तशीच राहील.

मनमोर

खोटं घेणार असाल तर आता माझा विषय. दोन प्रकार असतात, दोन्ही प्लॅस्टिकचेच: पीव्हीसी आणि पीई. पीव्हीसीची पानं म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या कापलेल्या पट्ट्या, कागदी झालरीसारख्या. पीईची पानं साच्यात ओतलेली, हाताला गोलसर लागतात, रंगातही छटा असते. पीई महाग. निम्मं-निम्मं मिसळलेलं घेतलं तर पुरतं: आत भराव पीव्हीसीचा, टोकं पीईची. मँटल डोळ्यांच्या पातळीवर येतं, लोक दोन फुटांवरून बघतात, त्यामुळे इथे नाताळच्या झाडापेक्षा जास्त फरक पडतो.

पेटीतून काढलेलं गार्लंड बाटली धुवायच्या ब्रशसारखं दिसतं म्हणून निराश होऊ नका. फुलवायला बसा. जमिनीवर आडवं टाका, एका टोकापासून सुरू करा, प्रत्येक उपफांदी मुळापासून वळवा: एक वर, एक पुढे, एक खाली. मागे एकही नको, मागची बाजू चपटी राहिली तरच ते भिंतीला नि फळकुटाला टेकेल. फांदीची टोकं किंचित वर उचला, म्हणजे आतली तार झाकली जाते. हातमोजे घाला, तारेची टोकं बोचतात. लोक दहा मिनिटांत उरकतात आणि मग उरलेली पोकळी सजावटीने भरत बसतात. नीट फुलवलंत तर निम्मी सजावट लागत नाही.

आणि सुतारपक्षी, दोन्हीकडे सारखं सोडायचा आग्रह का? वर टीव्ही आहे, म्हणजे आधीच एक काळा चौकोन मधोमध बसलाय. त्याच्याभोवती सगळं मोजूनमापून सारखं केलं की रंगमंचाचा पडदा होतो. नऊ फुटी एकच घ्या: साडेपाच फूट मँटलवर, उरलेलं साडेतीन फूट एकाच बाजूला सोडा. दुसरं टोक मँटलच्या कडेशीच संपवा, तिथे कमी-जास्त उंचीच्या दोन-तीन वस्तू. खर्च निम्मा, आणि मांजरासाठी एकच शेपूट!

सुतारपक्षी

एका बाजूला साडेतीन फूट म्हणजे सगळी ओढ एकाच टोकाला. दिसायला कसं ते तुम्ही ठरवा, पण मग जड वस्तू लोंबत्या टोकाला ठेवा, दुसरीकडे नाही. शेपटाच्या बाजूचा आकडा फळकुटाच्या अगदी कडेला न लावता चार इंच आत, नाहीतर फळकूट त्या टोकावर उचकटतं. मी दोन्हीकडे सारखंच लावणार. माझ्या मँटलवर टीव्ही नाही.

मनमोर

मान्य. मँटलवर टीव्ही नसलेल्या माणसाशी वाद नाही.

बोकोबा

साडेतीन फुटांचं शेपूट मँटलपासून खाली म्हणजे जमिनीजवळच येणार. टोक वर वळवून आतल्या तारेलाच पिळून टाका.

निळीशाई

एका बाजूचं पटलं, टोक अडीच फुटांवर वर वळवते. आता दिवे? मँटलजवळ प्लग नाही.

दिवेलागण

मग सेलवरची एलईडी माळ, टायमर असलेली. बहुतेकांत सहा तास चालू, अठरा तास बंद असं चक्र असतं. संध्याकाळी ज्या वेळी पहिल्यांदा लावाल तीच वेळ रोजची होते. सेलची डबी फळकुटाच्या मागे, पण बटण हाताला लागेल अशी. रंग वॉर्म व्हाइट घ्या, निळसर पांढऱ्या उजेडात हिरवी पानं आजारी दिसतात.

प्लगवरची माळ वापरणाऱ्यांसाठी: जुन्या काचेच्या बारीक बल्बांच्या शंभराच्या माळेला साधारण ४० वॅट लागतात, तेवढ्याच एलईडीला त्याचा लहानसा हिस्सा, आणि बल्ब तापतही नाहीत. जुन्या माळा एकमेकींना जोडायच्या तर तीनपेक्षा जास्त नाही. अमेरिकेतल्या माळांवर यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचं चकाकतं लेबल असतं. हिरवं म्हणजे फक्त घरात, लाल म्हणजे घरात आणि बाहेरही.

माळ गार्लंड जमिनीवर असतानाच घाला, वर चढवल्यावर नाही. गुंडाळू नका. नागमोडी आत खोवत जा, प्रत्येक फूट-दीड फुटावर पीईच्या एका टोकाने वायर धरून ठेवा. आधी लावून बघा सगळे दिवे पेटतात का, मग खोवा.

हिरवाचाफा

माफी दिली. पण वासासाठी एक युक्ती सांगते. मँटलवर नाही, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात पाण्याच्या उंच बरणीत सीडरच्या दोन-तीन फांद्या उभ्या करा. पाण्यात असल्याने टिकतात, आगीपासून लांब, आणि खोटं गार्लंड खरं वाटायला लागतं. फक्त मांजराला त्या बरणीतलं पाणी पिऊ देऊ नका.

पाइनकोन बाहेरून गोळा केलेले असतील तर ओव्हनमध्ये ९० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास ठेवा, आतले किडे मरतात नि मिटलेली उघडतात. ओव्हनसमोरून हलायचं नाही. अडकवताना खालच्या खवल्यांच्या ओळीत तार फिरवून पिळा, ग्लू नको.

निळीशाई

फळकूट कापून आणलं, फेल्ट लावलं, रंग वाळतोय. गार्लंड फुलवून जेवणाच्या टेबलावर पडलंय, मांजर त्याच्या मधोमध झोपलीय. एकच शंका: सण झाल्यावर हे ठेवायचं कसं? पुन्हा पेटीत कोंबलं तर पुढच्या वर्षी पुन्हा फुलवणं आलं.

कडेकपारी

उतरवायचं कधी याचं उत्तर माझ्याकडे आहे: नाताळनंतरच्या बाराव्या रात्री, म्हणजे ५ किंवा ६ जानेवारीला. जुनी माणसं २ फेब्रुवारीपर्यंतही ठेवत. तुमच्या घरचे थंडीने तोवर थांबतील असं वाटत नाही.

सुतारपक्षी

पेटीत नको. बो आणि पाइनकोन काढा, डबीतले सेल काढा (वर्षभरात गळतात), दिव्यांची माळ आत तशीच राहू द्या. मग फळकुटासकट उचला, शेपूट वर दुमडून सुतळीने बांधा, जुन्या चादरीत सैलसर गुंडाळा आणि कपाटाच्या मागे उभं करून ठेवा. वर काही ठेवू नका. फळकुटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने "डावं" आणि "उजवं" लिहून ठेवा.